शिवराई हातात आली की: धुण्याआधी, वाचताना आणि जपताना

देव्हाऱ्यातल्या तबकात, आजीच्या बटव्यात किंवा जुन्या वाड्याच्या कोनाड्यात तांब्याचा एक जाड, वेडावाकडा तुकडा सापडतो. काळपट हिरवा, कडेला फाटल्यासारखा, वर एखाददुसरं देवनागरी अक्षर. घरातलं कुणीतरी लगेच म्हणतं, "चिंच आण, चकचकीत करू या." तो तुकडा बहुधा शिवराई असते, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं. हा लेख त्या क्षणासाठी लिहिला आहे. चिंच आणू नका.

कारण साधं आहे. मुघलांच्या नाण्यावर बहुधा सन असतो, टांकसाळीचं नाव असतं. शिवराईवर यातलं जवळपास काहीच नसतं. एका बाजूला तीन ओळींत "श्री / राजा / शिव", दुसऱ्या बाजूला दोन ओळींत "छत्र / पति", भोवती ठिपक्यांचं वर्तुळ, बस्स. ती कधी पडली, कुठे पडली, कुणाच्या अमलात पडली हे ओळखायचं ते अक्षरांच्या वळणावरून, वजनावरून, एखाद्या बारीक चिन्हावरून आणि ती कुठे सापडली यावरून. चिंचेतलं आम्ल अक्षरांची कड खातं, वजन घटवतं, बारीक चिन्ह पुसून टाकतं. मी विद्यार्थी असताना आजोळच्या सात शिवराया लिंबू-मीठ लावून घासल्या होत्या. एकीवर "शिव"च्या शेजारी काहीतरी पानासारखं होतं, हे घासण्याआधी मी पाहिलं होतं. घासल्यावर तिथे गुळगुळीत लालसर तांबं उरलं. ते बेलाचं पान होतं की नुसता डाग, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

पहिलं काम: माहिती विचारून घ्या

नाण्याला हात लावण्याआधी वही उघडा. नाणं कुणाकडून आलं, कोणत्या गावचं, एकटं होतं की इतर नाण्यांबरोबर, कशात ठेवलेलं होतं हे लिहून काढा. आत्या किंवा मोठे काका "हे आपल्या वाईच्या घरातलं" असं सांगत असतील तर ते त्यांच्याच शब्दांत, तारखेसह लिहा. एकाच गाडग्यात किंवा एकाच पिशवीत सापडलेल्या शिवराया असतील तर त्या एकत्रच ठेवा. त्यांतली चांगली दिसणारी निवडून बाकीच्या वाटून टाकल्या की त्या सगळ्यांनी मिळून जे सांगितलं असतं ते हातचं जातं. मग दोन्ही बाजूंचे फोटो काढा, जशी आहे तशी, हळदकुंकवासकट.

काय काय लागेल

सोनाराकडे असतो तसा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा खिशातला डिजिटल काटा घ्या. व्हर्निअर कॅलिपर, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि मान वाकवता येईल असा टेबलाचा दिवा लागेल. मऊ दातांचा ब्रश, डिस्टिल्ड वॉटर, बांबूच्या काड्या आणि सुती कापडही हाताशी ठेवा. पितांबरी, ब्रासो, तारेची घासणी, चिंच, लिंबू, ताक यांतलं काहीही टेबलावर असू नये.

धुणं म्हणजे किती धुणं

नाणं डिस्टिल्ड पाण्यात एक-दोन दिवस बुडवून ठेवा, पाणी रोज बदला. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात क्लोराईड असतं आणि तांब्याचा तोच खरा शत्रू आहे, म्हणून डिस्टिल्डचा आग्रह. माती मऊ झाली की मऊ ब्रशने, दाब न देता, ओल्यातच काढा. अक्षरांच्या खोबणीतली माती बांबूच्या टोकाने हलकेच उचला. सुई किंवा टाचणी नको, ती तांब्यावर ओरखडा काढतेच. देव्हाऱ्यातल्या नाण्यावर तेल, तूप आणि कुंकवाचा राप बसलेला असतो आणि तो पाण्याने निघत नाही. तो ॲसिटोनमध्ये काही मिनिटं बुडवून निघतो. ॲसिटोन धातूला धक्का लावत नाही, पण पेट फार लवकर घेतो, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास निरांजन, उदबत्ती किंवा गॅस नको. नंतर सुती कापडावर टिपून, सावलीत पूर्ण वाळू द्या.

इथे थांबा. खाली जो गुळगुळीत, घट्ट, तपकिरी किंवा गडद हिरवा थर दिसतो तो मळ नाही. तांब्यावर वर्षानुवर्षांत तयार झालेलं ते कवच आहे आणि अक्षरांचा बराचसा आकार त्या कवचातच टिकून असतो. ते काढायचं नाही.

एक अपवाद मात्र ओळखता आला पाहिजे. फिकट, चमकदार हिरवे ठिपके दिसत असतील आणि काडीने टोकरल्यावर पिठासारखी भुकटी पडत असेल, तर ती तांब्याची कीड समजा. नाण्याच्या आत अडकलेलं क्लोराईड आणि हवेतला ओलावा मिळून आम्ल तयार होतं, ते आणखी तांबं खातं आणि पुन्हा तीच क्रिया सुरू होते. कोकणातल्या घरात दोन पावसाळ्यांत अख्खं अक्षर खाल्लं गेलेलं मी पाहिलं आहे. खात्री करायची तर नाणं एका बंद डबीत ओलसर कापसाच्या बाजूला, कापसाला न चिकटवता, दिवसभर ठेवा. भुकटी पुन्हा आली तर कीड जिवंत आहे. असं नाणं सगळ्यात आधी बाकीच्यांपासून वेगळं करा. मग ते पूर्ण वाळवून, हवाबंद डबीत भरपूर सिलिका जेलबरोबर ठेवा. आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली राहिली की ही क्रिया थंडावते. सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या पाच टक्के द्रावणात काही आठवडे ठेवून क्लोराईड बाहेर काढता येतं, पण त्यात कवचाचा रंग बदलू शकतो. घरातली एकुलती एक शिवराई असेल तर तिच्यावर पहिला प्रयोग करू नका, संग्रहालयातल्या जतन करणाऱ्या माणसाला दाखवा.

वजन घ्या, आणि वजनाचं ओझं समजून घ्या

काटा सपाट जागी ठेवून तीन वेळा वजन करा आणि मधला आकडा लिहा. जुन्या हिशेबात तोळा म्हणजे १२ मासे, आणि तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे मासा एक ग्रॅमला थोडा कमी. हे डोक्यात ठेवलं की आकडे बोलू लागतात.

शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी रायगडावर झाला आणि सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई ही नाणी त्या राज्याची खूण झाली. सुरुवातीच्या, सुबक अक्षरांच्या शिवराया साधारण ११ ते १३ ग्रॅमच्या भरतात. हा आकडा हवेतून आलेला नाही. अकबराचा दाम, म्हणजे त्याचं तांब्याचं नाणं, सुमारे २१ ग्रॅमचा होता, पण तांबं महागल्यामुळे औरंगजेबाने १६६०च्या दशकात आपल्या तांब्याच्या पैशाचं वजन १४ माशांवर, म्हणजे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास आणलं. दख्खनच्या बाजारात तोच पैसा फिरत होता. नव्या राज्याचं नाणं त्याच बाजारात, त्याच सराफाच्या तराजूत चालायला हवं होतं. लिपी आणि बिरुद मात्र पूर्ण आपलं ठेवलं. फारसीच्या जागी देवनागरी, आणि "छत्रपति".

महाराजांची नाण्याविषयीची समज त्याच वर्षी इंग्रजांशी झालेल्या बोलण्यातही दिसते. राज्याभिषेकाला आलेल्या हेन्री ऑक्झिंडेनने मुंबईचं इंग्रजी नाणं स्वराज्यात चालावं असं कलम मागितलं. त्यावरचं उत्तर असं होतं की रयतेला तोट्याचं नाणं घ्यायला भाग पाडता येणार नाही, पण तुमचं नाणं वजनाला आणि कसाला मुघल व इतर राजांच्या नाण्याइतकं असेल तर आमची मनाई नाही. शिवराईचं वजन करताना मला हे उत्तर नेहमी आठवतं. नाण्यावरच्या नावाइतकीच बाजाराला त्यातल्या धातूची पर्वा होती.

पुढे वजन उतरत गेलं. पेशवाईत तांब्याची नाणी पाडायचे परवाने खाजगी माणसांना दिले जात. १७४४ साली नागोठणे आणि रेवदंडा इथे असे परवाने दिल्याची नोंद आहे. नाणं किती माशांचं पाडायचं हे परवान्यात ठरलेलं असे आणि परवानेदार सरकारला रक्कम भरत असे. उशिराच्या शिवराया बहुतेक आठ ते दहा ग्रॅमच्या असतात. पाच-सहा ग्रॅमचा तुकडा निघाला तर ती झिजलेली शिवराई मानण्याआधी ती अर्धी शिवराई तर नाही ना, हे पाहा. अर्ध्या शिवराईचा घेर लहान असतो आणि अक्षरंही त्या मानाने लहान कोरलेली असतात. झिजलेल्या पूर्ण शिवराईची अक्षरं मोठी, पण चपटी दिसतात.

वजनाबरोबर घनताही काढा, काम पाच मिनिटांचं आहे. पाण्याचा छोटा पेला काट्यावर ठेवून काटा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. काट्यावर जो आकडा येईल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. शुद्ध तांब्याला ८.९च्या आसपास उत्तर येतं. कवचामुळे जुन्या नाण्याचं थोडं कमी येईल, पण फार खाली आलं तर पितळ किंवा पोकळ ओतकाम असण्याचा संशय घ्यायला हवा.

आता वाचन

या कामात खरी मजा इथे आहे आणि बहुतेक जण इथेच कंटाळतात, म्हणून सावकाश सांगते.

शिवराई हाताने पाडलेली. खालचा ठसा ऐरणीत बसवलेला, वर तांब्याची चकती, तिच्यावर वरचा ठसा आणि त्यावर हातोड्याचा घाव. ठसा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे पूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच उमटतो. नाणं साधारण दोन सेंटीमीटरचं, ठशावरचं वर्तुळ त्याहून मोठं. तुमच्या हातात आलेला असतो तो मजकुराचा एक तुकडा, आणि कोणता तुकडा आहे हे ओळखायचं असतं.

खोलीतला मोठा दिवा बंद करा. टेबलाचा दिवा जवळजवळ आडवा करून प्रकाश नाण्याच्या अंगावरून सरपटत जाईल असा धरा आणि नाणं हळूहळू फिरवा. जे अक्षर सरळ उजेडात दिसत नव्हतं ते सावलीने उठून येतं. आता पहिल्यांदा उभ्या दांड्या शोधा. शेजारीशेजारी दोन ठळक काने दिसले की तो बहुधा "राजा". र आणि ज यांचे ते काने, आणि ज ची आडवी बारीक रेघ दुसऱ्या कान्याकडे जाते. ही मधली ओळ सापडली की नाणं सरळ धरता येतं. वर "श्री" असते, ती पुष्कळदा नाण्याच्या बाहेर गेलेली असते. खाली "शिव". वेलांटीची कमान ओळीच्या वर उचललेली दिसते, ती वरच्या ओळीत घुसून गोंधळ घालते.

मागची बाजू पाहताना एक चूक हमखास होते. आजच्या नाण्यासारखं आपण ते उलटतो आणि मजकूर सरळ येईल असं धरून चालतो. हाताने पाडलेल्या नाण्यात दोन्ही ठशांचा कोन ठरलेला नसतो. मागचा "छत्र" आडवा, तिरपा, उलटा, कसाही असू शकतो. म्हणून मागची बाजू नव्याने फिरवून पाहा. "त्र"ची तिरकी रेघ आणि "पति"ची वेलांटी या दोन खुणा पकडा. मग पुढची बाजू सरळ ठेवून मागची किती फिरली आहे ते घड्याळाच्या काट्यांच्या भाषेत लिहा: "मागे ४ वाजता".

नंतर कागदावर अक्षरं काढा, फक्त दिसतात तितकीच. मनाने पुरं करू नका. जे दिसतं ते तसंच लिहा आणि जे नाण्याबाहेर गेलं ते चौकोनी कंसात. लेखनातले फरकसुद्धा जसेच्या तसे उतरवा. "शिव", "शीव", "सिव", "सीव" अशी नाना रूपं सापडतात, "पति" आणि "पती" दोन्ही दिसतात. शुद्धलेखन सुधारायला गेलात तर वेगवेगळ्या ठशांमधला फरकच पुसला जाईल. शिवरायांचा अभ्यास करणाऱ्या रेव्हरंड ॲबट यांनी सुमारे २५,००० शिवराया पाहिल्या आणि त्यांत दीडशेहून अधिक प्रकार वेगळे काढले, ते अशाच बारीक फरकांवरून.

मग चिन्हं. अक्षरांच्या मधल्या मोकळ्या जागेत सूर्य, चंद्रकोर, बेलपान, त्रिशूळ, तलवार असं काही आहे का? मागच्या बाजूला "छत्र" आणि "पति" यांच्या मध्ये दोन समांतर आडव्या रेघा आहेत का? असतील तर ती दुदांडी शिवराई. दुदांडी पेशवाईच्या उतरत्या काळातली आणि कंपनी सरकार आल्यानंतरचीही. बाजारात आणि घरांत सर्वाधिक सापडणाऱ्या प्रकारांपैकी ती एक आहे.

ही कुणाची?

"शिव" वाचलं की घरात सगळ्यांना वाटतं, ही थेट महाराजांच्या हातची. भावना मला पूर्ण कळते, पण नावावरून असं ठरत नाही. महाराज १६८० मध्ये गेले आणि त्यांच्या नावाने शिवराया पुढे दीडशे वर्षांच्या आसपास पडत राहिल्या. पेशव्यांच्या अमलात, परवानेदारांच्या टांकसाळींत, दूरच्या ठाण्यांवर, सगळीकडे नाव तेच. सातारच्या गादीच्या हाती प्रत्यक्ष कारभार उरला नव्हता तेव्हाही रयतेच्या हातातल्या पैशावर तोच राजा होता. मला तर ही गोष्ट रायगडच्या शिवराईइतकीच मोलाची वाटते.

काळ ठरवताना तीन गोष्टी एकत्र पाहा. वजन ११ ग्रॅमच्या वर, अक्षरं रेखीव आणि प्रमाणबद्ध, ठिपके बारीक आणि एकसारखे असतील तर जुन्या गटाचा विचार करा. वजन नऊच्या आसपास, अक्षरं जाड आणि बसकी, लेखन "सिव"कडे झुकलेलं, मध्ये रेघा किंवा चिन्हं असतील तर अठरावं शतक किंवा त्यानंतरचं. एकट्या वजनावरून निकाल देऊ नका, झीज आणि कीड दोन्ही वजन खातात. खालच्या ओळीत "शिव"ऐवजी "शंभु" किंवा "राम" अशी अक्षरं वाटली, तर घाई न करता दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या उजेडात पुन्हा वाचा. "श्री राजा शंभु" आणि "श्री राजा राम" अशी नाणी आहेत, पण ती "शिव"च्या मानाने फार थोडी, आणि झिजलेल्या नाण्यावर माणसाला हवं ते अक्षर दिसतं.

रुपयाचे ६४ पैसे हा हिशेब तोंडपाठ असला तरी प्रत्यक्षात तांब्याचा भाव चढउतार करी आणि सराफ बट्टा घेई. त्यामुळे "तेव्हा याचं किती यायचं" या नातवंडांच्या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. भाजी, मीठ, तंबाखू, पूजेतली दक्षिणा अशा रोजच्या व्यवहारातलं ते नाणं होतं, एवढं नक्की सांगा.

नकली कशी ओळखायची

किल्ल्यांच्या पायथ्याशी, जत्रेत आणि मोबाईलवर नकली शिवराया भरपूर विकल्या जातात. ओतीव नकलेच्या पृष्ठभागावर भिंगातून सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत असतात आणि काठावर साच्याच्या जोडाची रेघ किंवा ती घासल्याची खूण असते. खऱ्या नाण्याच्या काठावर घावाने पडलेल्या चिरा असतात. एकाच विक्रेत्याकडे तीन नाणी अगदी एकसारखी, तीच चीर, तेच अर्धं अक्षर अशी दिसली तर तिन्ही नकली. पूर्ण मजकूर नेमका मध्यभागी बसलेली, हिरवीगार, स्वस्त शिवराई पाहून आनंद होण्याआधी ॲसिटोनचा बोळा फिरवा, लावलेला रंग कापसावर उतरतो. लोहचुंबकाला चिकटली तर प्रश्नच मिटला. सोन्याचा होन कुणी दाखवत असेल तर जाणकार संग्रहालयाला दाखवल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. आणि जुन्या तांब्यात तांदूळ ओढण्याची दैवी शक्ती असते असं सांगून लाखोंची मागणी करणारा माणूस सरळसरळ फसवतो आहे.

शेतात सापडली तर

नांगरताना किंवा पाया खणताना नाण्यांचं गाडगं लागलं तर १८७८चा भारतीय निखात निधी कायदा लागू होतो. जमिनीत दडलेला, दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीचा ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. आणि शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरतं, परवानगीशिवाय ते देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेत किंवा दुबईत नवं घर मांडणाऱ्या लेकीच्या देवघरासाठी आजीची शिवराई सामानात बांधून देण्याची इच्छा अनेक घरांत होते. ती इथेच ठेवा, तिचे फोटो पाठवा.

नोंद आणि जपणूक

माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: "क्र. ७. वजन ९.१४ ग्रॅम, व्यास १९.५ मिमी, जाडी ३.४ मिमी, घनता ८.८. पुढे: [श्री] / राजा / सिव, डावीकडे ठिपक्यांचं वर्तुळ थोडं. मागे: छत्र / प[ति], मध्ये दोन आडव्या रेघा, ५ वाजता. काठावर दोन चिरा. कवच तपकिरी, कीड नाही. मामींकडून, देव्हाऱ्यातली." एवढं लिहिलं की नाणं हरवलं तरी त्याची माहिती उरते. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा नाशिकजवळच्या अंजनेरीची नाणकशास्त्र संस्था इथल्या अभ्यासकांना दाखवताना अशी नोंद बरोबर न्या, बोलणं एकदम पुढच्या पायरीवरून सुरू होतं.

ठेवताना पीव्हीसीच्या मऊ पाकिटांचा अल्बम टाळा, तो काही वर्षांनी चिकट हिरवा द्रव सोडतो. वर्तमानपत्र आणि रबरबँडही नकोत, रबरातलं गंधक तांबं काळं करतं. आम्लमुक्त कागदाचं छोटं पाकीट, त्यावर क्रमांक, आणि सगळी पाकिटं सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात. मृग लागायच्या आत जेल तापवून कोरडं करून घ्या.

शिवराई पुन्हा देव्हाऱ्यातच ठेवायची असेल तर जरूर ठेवा. रोजच्या अभिषेकाच्या ताम्हनात मात्र नको, दूध, दही आणि मध तांब्याला हळूहळू खातात. कोरड्या वाटीत, अक्षतांवर ठेवा आणि हळदकुंकू वाटीला लावा.